अधूनमधून बंद पडणारा इंधन पंप: १९९४ च्या एका पिकअप ट्रकचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील वाहन म्हणजे १९९४ सालचा फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक. इंजिन पेट्रोलवर चालणारे, ४.९ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले आणि इंधन इंजेक्शनचे. इंधनाच्या टाक्या दोन आहेत: एक चालकाच्या बाजूला चॅसिसच्या आतल्या अंगाला आणि दुसरी मागच्या ॲक्सलच्या पलीकडे. प्रत्येक टाकीत तिचा स्वतंत्र विद्युत पंप बुडालेला असतो आणि कोणत्या टाकीतले पेट्रोल वापरायचे हे चालक डॅशबोर्डवरच्या एका स्विचने ठरवतो. ट्रक अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या परिसरात, सुतारकामाचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांकडे आहे. या भागात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. खुद्द डेट्रॉइट शहराखाली मिठाची मोठी खाण आहे आणि तिथले मीठ याच कामाला जाते. जुन्या गाडीचा पत्रा आणि वायरिंगचे जोड किती वर्षे टिकतील हे इथे बऱ्याच अंशी या मिठावर ठरते, आणि या प्रकरणातही त्याचा वाटा होता.

तक्रार अशी होती. सकाळी ट्रक एका सेल्फमध्ये सुरू होई आणि पहिला अर्धा तास कसलीही कुरकूर न करता चाले. त्यानंतर केव्हातरी, बहुधा खराब रस्त्यावर, इंजिनची ओढ काही क्षण कमी होई आणि मग ते बंद पडे. दिवे, रेडिओ, हॉर्न सगळे व्यवस्थित चालत. स्टार्टर जोमाने फिरे. पण इंजिन पेट घेत नसे. पंधरा-वीस मिनिटे थांबले की ट्रक काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई. मालकांनी तो आधी एका गॅरेजमध्ये दाखवला होता. तिथे पुढच्या टाकीतला पंप, इंधनाचा फिल्टर आणि पंपाचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विद्युत स्विच) अशा तीन वस्तू बदलण्यात आल्या. काही आठवडे ट्रक निर्धोक चालला आणि मग तोच त्रास पुन्हा सुरू झाला. नवा पंपच सदोष निघाला असावा, तो पुन्हा बदलू, असे गॅरेजने सुचवले, तेव्हा मालकांनी मला ट्रक पाहण्याची विनंती केली. टाकीतला पंप बदलायचा म्हणजे एकतर टाकी उतरवावी लागते किंवा मागचा हौदा उचलावा लागतो. गंजलेल्या बोल्टांच्या गाडीत हे काम खर्चाचे आणि कष्टाचे असते. ते दुसऱ्यांदा करण्यापूर्वी पंप खरोखर दोषी आहे याचा पुरावा हाती असणे आवश्यक होते, आणि तसा पुरावा कोणाकडेच नव्हता.

विजेचा मार्ग

या ट्रकमध्ये पंपाची वीज कोणत्या वाटेने जाते हे आधी स्पष्ट करणे जरूर आहे, कारण पुढचा सगळा तपास त्या वाटेवरूनच होतो. बॅटरीची वीज इंधन पंपाच्या रिलेपर्यंत येते. रिलेमधून ती इनर्शिया स्विचला जाते, तिथून डॅशबोर्डवरच्या टाकी-निवड स्विचला, आणि त्यानंतर वाट दुभंगते: एक फाटा पुढच्या पंपाकडे आणि दुसरा मागच्या पंपाकडे जातो. पंपातून बाहेर पडून ती अर्थच्या वायरने बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. इनर्शिया स्विच हे सुरक्षेचे साधन आहे. त्यात लोहचुंबकाने धरून ठेवलेली एक पोलादी गोळी असते. अपघाताचा जोरदार धक्का बसला की गोळी जागेवरून सुटते, आतले संपर्क उघडतात, पंप थांबतो आणि स्विचच्या माथ्यावरचे बटण वर येते. फुटलेल्या नळीतून पंपाने पेट्रोल ओतत राहू नये यासाठी ही व्यवस्था आहे. एफ-१५० मध्ये हा स्विच पुढच्या प्रवाशाच्या पायांपाशी, गिअरबॉक्सच्या उंचवट्याच्या उजवीकडे बसवलेला असतो.

रिले केव्हा चालू करायचा हे इंजिनचा संगणक ठरवतो. चावी फिरवली की तो सुमारे एक सेकंद पंप चालवून नळ्यांमध्ये दाब तयार करतो आणि थांबतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा संकेत डिस्ट्रिब्यूटरमधल्या (सिलिंडरांना स्पार्क वाटून देणाऱ्या भागातल्या) सेन्सरकडून मिळत राहील तोवरच तो रिले ओढून धरतो. संकेत थांबला की रिले सोडून देतो. या रचनेमुळे निदानात मोठा घोळ होऊ शकतो. डिस्ट्रिब्यूटरमधला सेन्सर तापून निकामी झाला, तर स्पार्क जातो आणि त्यापाठोपाठ संगणक पंपही बंद करतो. अशा वेळी कोणी पंपापाशी वीज तपासली तर ती मिळत नाही आणि दोष पंपाच्या सर्किटवर जातो, वास्तविक पंप थांबणे हा तिथे परिणाम असतो. गरम झाल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर सुरू होणे हे लक्षण थकलेल्या पंपाचे असू शकते, स्पार्क नियंत्रित करणाऱ्या इग्निशन मॉड्यूलचे असू शकते, डिस्ट्रिब्यूटरच्या सेन्सरचे असू शकते आणि एखाद्या सैल जोडाचेही असू शकते. केवळ लक्षणावरून यांतले एक निवडणे म्हणजे अंदाज बांधणे होय, आणि आधीच्या दुरुस्तीत नेमके तेच घडले होते.

मालकांकडून मिळालेली माहिती

पान्याला हात लावण्यापूर्वी मालकांशी सविस्तर बोलणे झाले, आणि या प्रकरणात त्या बोलण्याचे मोल कोणत्याही मोजमापाइतकेच ठरले. पहिला प्रश्न टाकीचा होता. मालक नेहमी पुढची टाकी वापरत, त्यामुळे त्रास पुढच्या टाकीचा आहे असे गॅरेजने गृहीत धरले होते. परंतु बंद पडल्यावर निवड स्विच मागच्या टाकीवर करून त्यांनी काही वेळा प्रयत्न केला होता आणि तरीही इंजिन सुरू झाले नव्हते. पुढे काही दिवस मुद्दाम मागची टाकी वापरून पाहिली, तेव्हा ट्रक तसाच बंद पडला. किंबहुना अधिक लवकर बंद पडला. ही गोष्ट गॅरेजमध्ये कोणी विचारली नाही आणि त्यांनीही सांगितली नाही. दोन टाक्यांतले दोन वेगळे पंप, त्यांतला एक नवा आणि एक मूळचा, एकाच पद्धतीने आणि एकाच काळात बिघडावेत हे फारसे संभवत नाही. दोष बहुधा दोन्ही पंपांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे निवड स्विचपासून अलीकडे, असला पाहिजे.

दुसरी माहिती अनपेक्षित होती. रविवारी ट्रक कधी बंद पडत नाही, असे मालक म्हणाले. रविवारी ते लांबचा प्रवासही करत, म्हणजे इंजिन पुरेसे तापतच असे. मग कामाच्या दिवशी आणि रविवारी ट्रकमध्ये नेमका काय फरक असतो, असे विचारत गेल्यावर समजले की कामाच्या दिवशी हत्यारांची जड पेटी प्रवाशाच्या पायांपाशी ठेवलेली असते. पेटी तिथल्या गालिच्यावर, इंजिनच्या बाजूच्या पत्र्याला रेलून बसे. इनर्शिया स्विच कुठे असतो हे वर सांगितलेच आहे. तरीही या टप्प्यावर त्या स्विचला हात न लावण्याचे मी ठरवले. अधूनमधून तुटणारा जोड एकदा काढून पुन्हा बसवला की त्याचे संपर्क घासले जातात आणि दोष काही काळ नाहीसा होतो. दोष नाहीसा झाला की तो सिद्धही करता येत नाही, आणि दुरुस्त झाला की नाही हेही कळत नाही.

संगणकाची नोंद आणि स्थिर चाचण्या

या पिढीच्या फोर्ड गाड्यांत संगणकाने साठवलेले बिघाडांचे संकेतांक बॉनेटखालच्या चाचणी कनेक्टरमधून काढता येतात. स्मृतीत ५४२ हा संकेतांक मिळाला. संगणकाची एक वायर रिलेच्या बाहेरच्या बाजूला जोडलेली असते आणि तिच्यावरून तो पंपाच्या सर्किटवर लक्ष ठेवतो. रिले बंद असताना ही वायर पंपाच्या मोटरमधून अर्थशी जोडलेली दिसायला हवी. तशी दिसली नाही तर रिलेपासून पुढे, पंप आणि अर्थ यांच्यापर्यंत, कुठेतरी मार्ग तुटला आहे असा ५४२ चा अर्थ होतो. बॅटरी ते रिले या बाजूचा दोष असता तर ५४३ मिळाला असता आणि रिलेच्या नियंत्रण-वायरीचा दोष असता तर ५५६. स्मृतीतला संकेतांक दोषाचा प्रदेश लहान करतो, जागा दाखवत नाही. पण एवढ्यानेही इग्निशनचा संशय बराच कमी झाला, कारण सेन्सर गेल्याने संगणकाने स्वतः रिले सोडला असता तर मार्ग तुटल्याची नोंद होण्याचे कारण नव्हते.

ट्रक व्यवस्थित चालू असताना केलेल्या चाचण्यांत काहीही सापडले नाही. इंधनाचा दाब चावी चालू, इंजिन बंद या स्थितीत ५५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) होता. या इंजिनासाठी ५० ते ६० पीएसआय ही अपेक्षित मर्यादा आहे. पुढच्या पंपाचा करंट क्लॅम्प मीटरवर ५.२ अँपिअर आला आणि ऑसिलोस्कोपवर (करंटचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) मोटरच्या करंटच्या लाटा एकसारख्या दिसल्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश आणि कम्युटेटर चांगल्या स्थितीत होते. नवा पंप निर्दोष होता.

आधीच्या गॅरेजच्या कागदावर पंपाच्या कनेक्टरपाशी '१२.४ व्होल्ट, ठीक' अशी नोंद होती. ती खोटी नव्हती, पण तिचा उपयोगही नव्हता. कनेक्टर पंपापासून सोडवून मीटर लावले की सर्किटमधून जवळजवळ शून्य करंट वाहतो, आणि करंटच वाहत नसेल तर कितीही गंजलेला जोड व्होल्टेज कमी करत नाही. मल्टिमीटरच्या ओहम मापनाचीही हीच मर्यादा आहे, कारण मीटर त्यासाठी अगदी क्षीण करंट सोडते. पुलावरून एक माणूस चालत गेला म्हणून त्या पुलावरून भरलेला ट्रक जाऊ शकेल असे ठरत नाही. पंपाचा पूर्ण करंट वाहत असताना मार्गाच्या प्रत्येक तुकड्यावर किती व्होल्ट खर्च होतात, म्हणजेच व्होल्टेज ड्रॉप, हे मोजले तरच जोडाची खरी स्थिती कळते. आणि दोष अधूनमधून येणारा असेल तर ते मोजमाप दोषाच्या क्षणीच व्हावे लागते. दोष नसलेल्या वेळी घेतलेले आकडे कितीही अचूक असले तरी ते निरोगी गाडीचे आकडे असतात.

दोष प्रत्यक्ष पकडण्याची तयारी

त्यासाठी तीन छोटे फिलामेंटचे बल्ब वापरले. पहिला रिलेच्या बाहेरच्या बाजूला, दुसरा निवड स्विचमध्ये येणाऱ्या वायरीवर आणि तिसरा निवड स्विचमधून पुढच्या पंपाकडे जाणाऱ्या वायरीवर. तिन्हींची दुसरी टोके थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली, जेणेकरून गाडीच्या अर्थमधला दोष बल्बांच्या वाचनात मिसळू नये. बल्ब चिकटपट्टीने डॅशबोर्डवर ओळीने लावले. एलईडी मुद्दाम टाळले. एलईडीला करंट इतका थोडा लागतो की अतिशय खराब जोडातूनही तो छान उजळतो आणि सर्व काही ठीक असल्याचा आभास निर्माण करतो. फिलामेंटचा बल्ब मात्र व्होल्टेज घटले की पिवळा आणि मग लालसर होत जातो. या लहान बल्बांचा करंट पंपाच्या तुलनेत नगण्य असल्याने ते सर्किटची स्थिती बदलत नाहीत. जोडणी करताना वायरीच्या आवरणाला सुई टोचली नाही, कनेक्टरच्या मागच्या बाजूने पातळ टाचण सरकवून संपर्क साधला. टोचलेल्या भोकातून मिठाचे पाणी आत शिरले की एका दोषाच्या शोधात दुसऱ्याची पेरणी होते.

बल्बांचा अर्थ आधीच लिहून ठेवला होता. पंप गप्प आणि तिन्ही बल्ब विझलेले असतील तर दोष रिलेत किंवा त्याच्या अलीकडे, किंवा संगणकाने रिले सोडलेला. पहिला पेटलेला आणि पुढचे दोन मंद असतील तर दोष इनर्शिया स्विचच्या टप्प्यात. पहिले दोन पेटलेले आणि तिसरा मंद असेल तर दोष निवड स्विचमध्ये. तिन्ही लख्ख पेटलेले आणि तरीही पंप गप्प असेल तर दोष पुढच्या वायरिंगमध्ये, मोटरमध्ये किंवा तिच्या अर्थमध्ये. ही शेवटची शक्यता अनेकदा दुर्लक्षित राहते. वीज पोहोचते आहे म्हणजे पंपच गेला, असा निष्कर्ष लोक चटकन काढतात, पण परतीची वाट तुटली तरी लक्षण अगदी तेच दिसते.

याशिवाय इंधनाच्या दाबाचा गेज इंजिनच्या फ्युएल रेलवरच्या (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरच्या) व्हॉल्व्हला जोडून त्याची तबकडी बाहेर, समोरच्या काचेवर दिसेल अशी बांधली. पेट्रोलची दाबाखालची नळी केबिनच्या आत कधीही आणू नये. तिचा एक जोड निसटला तरी काय होईल हे सांगायला नको. स्पार्क दिसत राहावा म्हणून एका सिलिंडरच्या वायरीत पारदर्शक तपासणी-प्लग घातला आणि अग्निशामक सोबत ठेवला. चाचणी कनेक्टरमधली एक वायर अर्थला लावली की संगणकाला न विचारता रिले चालू राहतो. ती वायरही एका स्विचसह केबिनमध्ये आणून ठेवली, कारण इंजिन बंद पडताच संगणक सेकंदाभरात रिले सोडतो आणि मोजायचे होते ते सगळेच विझून जाते.

मग हत्यारांची पेटी तिच्या नेहमीच्या जागी ठेवली, निवड स्विच पुढच्या टाकीवर ठेवला, मालक गाडी चालवायला बसले आणि आम्ही त्यांच्या रोजच्या कामाच्या रस्त्याने निघालो.

दोषाचा क्षण

बराच वेळ तिन्ही बल्ब सारखेच उजळलेले होते. इंजिन पूर्ण तापल्यावर दुसरा आणि तिसरा बल्ब पहिल्यापेक्षा किंचित पिवळे दिसू लागले. शेजारी शेजारी नसते तर हा फरक डोळ्यांना कळला नसता. पुढे रेल्वेचे रूळ ओलांडताना पेटी हलली आणि त्याच क्षणी ते दोन्ही बल्ब एकदम लालसर झाले. दाबाचा काटा ५० च्या आसपास होता तो घसरत ३० च्या खाली आला, इंजिनची ओढ गेली आणि ते बंद पडले. पहिला बल्ब शेवटपर्यंत लख्ख होता. ट्रक कडेला घेऊन सेल्फ मारला तेव्हा तपासणी-प्लगमध्ये स्पार्क नियमित दिसत होता, पहिला बल्ब पेटत होता आणि पुढच्या दोहोंमध्ये फक्त तार लाल झालेली दिसत होती. इग्निशनचा प्रश्न तिथेच संपला आणि निवड स्विचही संशयातून सुटला. दोष रिले आणि निवड स्विच यांच्या मधल्या तुकड्यात होता, आणि त्या तुकड्यात वायर सोडली तर इनर्शिया स्विच आणि त्याचा कनेक्टर एवढेच असते.

चाचणी-वायर अर्थ करून पंप चालू ठेवला आणि मल्टिमीटरचे एक टोक पहिल्या बल्बच्या जागी आणि दुसरे टोक दुसऱ्या बल्बच्या जागी लावले. मीटरने ६ व्होल्टपेक्षा जास्त घट दाखवली; निरोगी जोडावर ती व्होल्टच्या दहाव्या भागापेक्षा कमी असायला हवी. टाकीतून पंपाचा घोगरा, दबका आवाज येत होता. मीटर तसेच ठेवून मालकांना हत्यारांची पेटी उचलायला सांगितले. पेटी गालिच्यावरून सुटताच मीटरवरचा आकडा खाली आला आणि पंपाचा आवाज चढला. पेटी पुन्हा टेकवली, आकडा पुन्हा वर गेला. दोषाला इच्छेनुसार आणता आणि घालवता येऊ लागले की निदान पूर्ण झाले असे मी मानतो, त्याआधी नाही.

कनेक्टरच्या आत

घरी आल्यावर गालिचा उचलला तेव्हा त्याखालचे जाड अस्तर ओले होते. हिवाळाभर बुटांना चिकटून आलेला मीठमिश्रित बर्फ तिथे वितळत राहिला होता आणि अस्तराने ते पाणी धरून ठेवले होते. इनर्शिया स्विचचे बटण खाली, म्हणजे योग्य स्थितीत होते. आधीच्या तपासणीत हा स्विच निर्दोष ठरला तो याच आधारावर. परंतु बटण खाली असणे एवढेच सांगते की गोळी जागेवर आहे. कनेक्टरच्या टर्मिनलांबद्दल ते काहीही सांगत नाही.

कनेक्टर बाहेर काढल्यावर सगळा उलगडा झाला. दोन टर्मिनलांपैकी एकाभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडून थोडे वितळले होते. मादी टर्मिनलचे दोन पातळ ओठ, जे स्विचच्या पात्याला घट्ट धरून ठेवतात, ते उष्णतेने नरम पडून उघडले होते आणि त्यांच्या आत हिरवा गंज बसला होता. स्विचच्या पात्यावर एका कडेला तेवढा एक अरुंद चकचकीत पट्टा राहिला होता, त्याखेरीज सारे पाते काळपट होते. पंपाचा सगळा करंट त्या पट्ट्यातून जात होता. वायरीच्या तांब्याच्या तारा आवरणाच्या आत बोटाच्या एका पेराएवढ्या काळ्या झाल्या होत्या.

बिघाड वाढत कसा गेला हे आता सांगता येते. गंजाने जोडाचा रोध थोडा वाढला. ५.२ अँपिअर करंटाला अर्धा ओहम रोध आडवा आला तर त्या जोडात १३ वॅटपेक्षा जास्त उष्णता निर्माण होते. नखाएवढ्या टर्मिनलसाठी ही फार झाली. त्या उष्णतेने ओठांचा ताण गेला, ताण गेल्याने संपर्काचे क्षेत्र आणखी घटले, आणि रोध वाढला. गाडी सुरू केल्यावर अर्ध्या तासाने त्रास होई तो या जोडाला तापायला लागणाऱ्या वेळामुळे. इंजिनच्या तापमानाशी त्याचा संबंध नव्हता, फक्त दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने तसे वाटे. पेटीचा दाब गालिच्यामार्फत वायरीवर पडे आणि सैल झालेला जोड तिरका होई. रविवारी पेटी नसे, म्हणून जोड तापला तरी धरून राही.

पंप बदलल्यावर ट्रक काही आठवडे बरा का चालला, याचेही उत्तर बहुधा इथेच आहे. या गाडीत टाकीचे काम करण्यापूर्वी नळ्यांमधला दाब उतरवण्याची रूढ पद्धत अशी आहे की इनर्शिया स्विचचा कनेक्टर काढायचा, सेल्फ मारून उरलेले पेट्रोल जाळून टाकायचे आणि मग काम संपल्यावर कनेक्टर परत बसवायचा. त्या काढण्या-बसवण्यात टर्मिनल घासले गेले असावे आणि गंजाचा थर तात्पुरता सुटला असावा. दुरुस्ती चुकीच्या जागी झाली, गुण मात्र खरा आला, आणि त्यामुळे पंपच दोषी होता हा समज अधिक पक्का झाला.

दुरुस्ती

नुसता कनेक्टर साफ करून भागणार नव्हते, कारण ताण गेलेले ओठ चिमट्याने दाबून आणलेला घट्टपणा टिकत नाही. काळवंडलेले पाते असलेला स्विचही ठेवण्यात अर्थ नव्हता. नव्या टर्मिनललाही त्याने लवकरच खराब केले असते. म्हणून नवा स्विच आणि वायरीच्या तुकड्यासह नवा कनेक्टर असे दोन्ही बसवले. जुनी वायर लखलखीत तांबे दिसेपर्यंत मागे कापली, योग्य मापाच्या क्रिम्पने (दाबून बसवायच्या धातूच्या नळकांडीने) जोड केला आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी चढवली. नवा स्विच बसवण्यापूर्वी हातात धरून आपटून पाहिला: बटण वर आले, मीटरवर संपर्क उघडलेला दिसला, बटण दाबल्यावर तो पुन्हा जुळला.

या टप्प्यावर एक सोपी वाट नेहमी सुचवली जाते: इनर्शिया स्विच काढून टाका आणि दोन वायरी थेट जोडा. गाडी त्यानेही चालते. पण अपघातानंतर इंजिन चालू राहिले किंवा कोणी बेशुद्धावस्थेत स्टीअरिंगमागे असले तर पंप बंद करणारी ही एक खास व्यवस्था आहे, आणि जुन्या गंजलेल्या नळ्यांच्या गाडीत तिची गरज नव्या गाडीपेक्षा जास्त असते. निदानापुरती काही मिनिटे वायर जोडणे वेगळे आणि तशीच गाडी रस्त्यावर सोडणे वेगळे. मालकांनी या बाबतीत कसलाही आग्रह धरला नाही.

दुरुस्तीनंतर इंजिन चालू असताना घेतलेले आकडे असे: बॅटरीवर १४.१ व्होल्ट, रिलेच्या बाहेर १३.७, निवड स्विचच्या आत येताना १३.६. इनर्शिया स्विचच्या दोन टर्मिनलांमधली घट ०.०६ व्होल्ट, आणि तासभर इंजिन चालल्यानंतरही तितकीच. पंपाच्या अर्थच्या बाजूची घट ०.१५ व्होल्ट. रिलेपर्यंतची ०.४ व्होल्टची घट या वयाच्या वायरिंगला चालण्यासारखी आहे. ती वाढते आहे का हे पुढच्या तपासणीत पाहता येईल. ओले अस्तर काढून टाकले, पत्रा सुकवून रंगवला आणि हत्यारांची पेटी आता मागच्या हौद्यात कुलूपबंद असते. ५४२ हा संकेतांक पुसल्यानंतर पुन्हा आलेला नाही, आणि मधला पूर्ण हिवाळा पार पडला आहे.

महाराष्ट्रात अशी दोन टाक्यांची पिकअप कोणाकडे असण्याची शक्यता कमी आहे, परंतु टाकीत पंप असलेल्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना हीच पद्धत लागू पडते, आणि कोकणातली खारी हवा व पावसाळा टर्मिनलांवर मिशिगनच्या मिठासारखाच परिणाम करतात. रोटरी पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांत इंधन अडवणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, असतो. त्याची वीज अधूनमधून तुटली तर इंजिन असेच चालता चालता बंद पडते, आणि तिथेही बल्ब व व्होल्टेज ड्रॉप यांनीच जागा सापडते. सोलेनॉइड बदलण्याआधी त्याच्या टर्मिनलपाशी, करंट वाहत असताना, दोषाच्या क्षणी किती व्होल्ट पोहोचतात हे पाहावे.

या ट्रकमध्ये एक काम शिल्लक आहे. मागच्या टाकीचा मूळ पंप ७.१ अँपिअर करंट घेतो आणि त्याचा आवाजही पुढच्या पंपापेक्षा बराच मोठा आहे. मागच्या टाकीवर ट्रक लवकर बंद पडे त्याचे कारण हेच असले पाहिजे, कारण जास्त करंटाने तोच सैल जोड अधिक वेगाने तापत असे. पंप अजून ५१ पीएसआय दाब देतो, त्यामुळे निकड नाही. हौद्याच्या गंजलेल्या पट्ट्या बदलण्यासाठी हौदा उचलावा लागणारच आहे, तेव्हाच तो पंप आणि त्याचा कनेक्टर बदलायचे मालकांशी ठरले आहे.